एकच बातमी, चार पत्रं: ज्याचं पत्र त्याच्या भाषेत कसं लिहावं

तीन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना एकच मेसेज टाकला. "आईचं टीकेआर शुक्रवारी सकाळी, गुरुवारी ॲडमिट, सगळे रिपोर्ट नॉर्मल, काळजी नसावी." भाऊ जर्मनीत असतो, त्याला नीट कळलं. पण मोठे मामा माण तालुक्यात राहतात, वय शहात्तर, मेसेज गेला मामींच्या फोनवर आणि तो शेजारच्या कॉलेजातल्या पोराने दोघांना वाचून दाखवला. टीकेआर म्हणजे गुडघा बदलणं हे त्यालाही माहीत नव्हतं. मामांच्या कानावर पडलं ते एवढंच, की बहिणीला ॲडमिट करतायत आणि काळजी नसावी, आणि आमच्याकडे कुणी 'काळजी नसावी' असं कळवलं की काहीतरी मोठं झालंय असंच धरतात. मामा रात्रीची एसटी धरून पहाटे स्वारगेटला उतरले. दारात उभे होते तेव्हा हातातली पिशवी थरथरत होती, आत धोतर आणि फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. "कुठंय ती?" एवढंच विचारलं त्यांनी. आई आत चहा पीत बसली होती.

त्या मेसेजमधलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण मामांसाठी लिहिलेलं असंही त्यात एक वाक्य नव्हतं. मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याची वेळ आली तेव्हा मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही, आधी चार पत्रं लिहिली, चौघांना चार वेगळी. ती कशी लिहिली आणि लिहिताना काय काय ठरवावं लागतं ते इथे सविस्तर सांगते. पत्र कागदावर असो किंवा मोठा मेसेज असो, पद्धत तीच.

पहिलं: कोण वाचणार आणि कोण ऐकणार

पाकिटावर नाव एकाचं असतं, पण घरगुती पत्र आपल्याकडे एकटं माणूस क्वचितच वाचतं. कुणीतरी मोठ्याने वाचतं, बाकीचे ऐकतात, कधी नातू वाचतो आणि आजोबा ऐकतात. त्यामुळे लिहायच्या आधी दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. हे कोणाच्या तोंडून वाचलं जाणार आहे? आणि तेव्हा खोलीत आणखी कोण बसलेलं असेल?

हे मला आजीने शिकवलं, तिला लिहिता येत नव्हतं आणि तिची पत्रं मी लिहायचे. ती भिंतीला टेकून डोळे मिटून सांगायची आणि आत्याला पत्र असलं की मध्येच एक वाक्य हमखास यायचं, "लिही, तुझी निळी पिशवी सापडली का." मी दरवेळी लिहायचे आणि मला वाटायचं की आत्याने पिशव्या हरवायचा धंदाच लावलाय. खूप नंतर कळलं की आत्याच्या सासरी पत्र आधी सासरे वाचायचे, आणि 'निळी पिशवी' म्हणजे 'तुझं तिथे बरं चाललंय ना' हे दोघींचं आधीच ठरलेलं होतं. सापडली असं उत्तर आलं की आजी शांत झोपायची.

म्हणून पैसे, आजारपण, सासरमाहेरची कुरबूर असं काही असेल तर ते सगळ्यांसमोर वाचलं जाणाऱ्या पत्रात घालू नका. वेगळा कागद घाला, घडी करून वर त्या माणसाचं नाव लिहा, किंवा सरळ फोन करा.

दुसरं: तू, तुम्ही की आपण

मराठीत नातं क्रियापदात बसलेलं असतं, ते लपवता येत नाही, पहिल्याच वाक्यात तुम्ही समोरच्याला कुठे बसवलंय ते कळतं. त्यामुळे हे आधी ठरवायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. लोक सुरुवात "आपण कसे आहात" अशी करतात आणि रंगात आले की "तुला सांगते" वर घसरतात, वाचणाऱ्याला ते खटकतं.

ठरवायचं कसं? समोरासमोर ज्याला जे म्हणता तेच पत्रात. आईला घरी 'तू' म्हणत असाल तर पत्रात 'आपण' म्हणू नका, तिला वाटेल काहीतरी बिनसलंय. वडिलांना कुणाच्या घरी 'तू' असतं, कुणाच्या घरी 'तुम्ही', जे तुमच्याकडे आहे ते ठेवा. खरी अडचण असते मधल्या लोकांची. लग्नानंतरची मोठी वहिनी जी वयाने आपल्यापेक्षा लहान आहे, शाळेतला मित्र जो आता व्याही झालाय, नवऱ्याचा धाकटा मामा. अशा वेळी माझा नियम आहे की कागदावर एक पायरी वरचं घ्या, 'तुम्ही' लिहा. बोलताना आवाजाने, हसण्याने 'तू' गोड करता येतं, कागदावर तो आवाज नसतो.

'आपण'चं जरा जपून. त्याचे दोन अर्थ आहेत, एक मानाचं 'तुम्ही' आणि दुसरा 'तुम्ही आणि आम्ही मिळून'. "आपण शनिवारी जेवायला यावं" आणि "आपण शनिवारी जेवायला जाऊ" दोन्हीत आपणच आहे. मोठ्यांच्या पत्रात दोन्ही अर्थांनी वापरलंत तर गोंधळ होतो, त्यामुळे मानासाठी 'तुम्ही' घेतलं तर दुसरा 'आपण' मोकळा राहतो आणि तो फार कामाचा आहे. 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक तर पत्रात सांभाळायलाच हवा. भावाला "आम्ही गावच्या घराचे पत्रे बदलतोय" असं लिहिलं की त्याला बाहेर काढलं, "आपल्या घराचे पत्रे बदलायला झालेत" लिहिलं की तो आत आला. खर्चाचा आकडा दोन्ही पत्रांत तोच असतो, उत्तर मात्र वेगळं येतं.

विनंतीचंही तसंच. ये, येशील ना, या, आलात तर बरं वाटेल, यावे, येण्याचे करावे. भाचीला 'येशील ना', मामांना 'या', सासऱ्यांना 'आलात तर आम्हाला बरं वाटेल', आणि 'येण्याचे करावे' फक्त लग्नपत्रिकेत शोभतं.

मायना

शाळेत शिकवलेले मायने बऱ्याच जणांना अर्धवट आठवतात म्हणून थोडक्यात सांगते. आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. लहानांना चि. म्हणजे चिरंजीव आणि खाली अनेक आशीर्वाद. बरोबरीच्यांना स. न. वि. वि. म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, मानाच्या माणसाला सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार. आमच्या घरात बायका साष्टांग घालत नाहीत म्हणून बायकांच्या पत्रात 'कृतानेक नमस्कार' किंवा नुसता 'नमस्कार' असायचा. जुन्या काळी कारकुनांसाठी मेस्तक असायचं, म्हणजे कुणाला कोणता मायना लिहायचा याचे नियम, चुकीचा मायना म्हणजे अपमानच मानला जायचा.

आज एवढं कुणी धरत नाही, पण ज्या माणसाने आयुष्यभर तीर्थस्वरूप लिहिलं आणि वाचलं त्याला तो शब्द दिसला की बरं वाटतं हे मी पाहिलंय. मामांना मी तो पूर्ण लिहिते, ती. स्व. असं आखडत नाही. भावाला मात्र नुसतं घरचं नाव आणि स्वल्पविराम. मैत्रिणीला 'प्रिय' लिहिताना संकोच वाटत असेल तर नका लिहू, "अगं ऐक" अशी सुरुवातसुद्धा चालते.

एका मायन्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. नवरा गेलेल्या बाईंना गं. भा. लिहू नका. जुन्या पत्रांत ते सर्रास दिसतं, पण तो शब्द पाकिटावरच पोस्टमनसकट सगळ्यांना तिचं दुःख सांगतो. २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरायचा सरकारी प्रस्ताव पुढे आला तेव्हा त्याला विरोध झाला तो योग्यच होता. श्रीमती लिहा, किंवा काकू, मावशी जे नातं आहे ते.

आता ती चार पत्रं

बातमी एकच, आईचा डावा गुडघा बदलायचा. हे मामांना:

"तीर्थस्वरूप मामा आणि मामींना नमस्कार. आधी हे सांगते की आई छान आहे, मी लिहितेय तेव्हा ती समोर खुर्चीत बसून मेथी निवडतेय. तिचा डावा गुडघाही आता उजव्यासारखाच झिजलाय. जत्रेत देवळाच्या पायऱ्या चढताना तुम्हीच तिचा हात धरला होतात, तेव्हा पाहिलंच तुम्ही. डॉक्टर त्या झिजलेल्या सांध्याच्या जागी नवा सांधा बसवणार आहेत, उजव्याला बसवला तसाच. दुसऱ्या दिवशी तिला धरून उभं करतील आणि चारपाच दिवसांत घरी सोडतील. मागच्या वेळी माझ्या मेसेजमुळे तुम्हाला रात्रीचा प्रवास पडला, तसं या वेळी करू नका. ती घरी आली की मी फोन करते, मग मामींना घेऊन आठ दिवस राहायलाच या, मी स्टँडवर घ्यायला येईन."

यात काय केलं ते सांगते. म्हाताऱ्या माणसाला पत्र असेल तर पहिल्याच ओळीत माणूस ठीक आहे हे सांगायचं, बातमी नंतर. 'ठीक आहे' एवढ्याने विश्वास बसत नाही, मेथी निवडतेय म्हटल्यावर बसतो, कारण ती त्यांना डोळ्यासमोर दिसते. नवीन गोष्ट त्यांच्या माहितीतल्या गोष्टीला जोडायची, इथे उजवा गुडघा आणि देवळाच्या पायऱ्या. आणि त्यांनी काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. नुसतं 'येऊ नका' म्हटलं तर मामा दुखावले असते, म्हणून कधी यायचं तेही लिहिलं. अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा, काळी शाई, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला निळं फिकं दिसतं.

भावाला लिहिलेलं याच्या अगदी उलट. तारीख, हॉस्पिटलचा अंदाजे खर्च, त्यातला विम्यातून किती येईल आणि किती भरायचे, फिजिओथेरपीला घरी कोण येणार, हे सगळं पहिल्या चार ओळींत. त्याला 'आई मेथी निवडतेय' असं आधी सांगितलं असतं तर तो वैतागला असता की मुद्द्याचं सांग. पण शेवटी मी एक लिहिलं जे त्याला फोनवर कधीच कळलं नसतं. "आई तुला हसून बोलते पण या वेळी ती घाबरलीये, रात्री दोनदा उठून देवासमोर बसते. तू गुरुवारी रात्री व्हिडिओ कॉल कर आणि ऑपरेशनचं काही बोलू नको, तिला तुझ्या बाल्कनीतली मिरचीची रोपं दाखव." लांबच्या माणसाला माहिती सगळीकडून मिळते, घरातली हवा कशी आहे ते मात्र कुणी सांगत नाही, ती पत्रात जायला हवी.

तिसरं भाचीला, ती नऊ वर्षांची, तिकडे जर्मनीतल्या शाळेत जाते आणि देवनागरी अक्षर लावत लावत वाचते. तिच्यासाठी मी वाक्यं लहान लहान ठेवली आणि जोडाक्षरं जमेल तेवढी टाळली. "आजीचा पाय दुखतो. तिला नवा गुडघा बसवणार. तो आतून चमकतो. तू आलीस की आजी तुला पकडायला धावेल. हळूहळू धावेल." बाजूला गुडघ्याचं चित्र काढलं. मुलांना लिहिताना बोबडं लिहायचं नाही, ते त्यांना कळतं आणि आवडत नाही, फक्त वाक्य सोपं करायचं. आणि एखादा प्रश्न असा विचारायचा ज्याचं उत्तर ते स्वतः लिहू शकतील. मी विचारलं होतं, नव्या गुडघ्याचं नाव काय ठेवू? पंधरा दिवसांनी उत्तर आलं, वाकड्यातिकड्या अक्षरात, "चांदोबा". आई अजून डाव्या गुडघ्याला चांदोबाच म्हणते.

चौथं आईच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीला, म्हणजे माझ्या मावशींना, आईच्या वतीने. दुसऱ्याच्या वतीने लिहिताना आपली भाषा बाजूला ठेवावी लागते. मी सुरुवातीला माझ्या वळणाने "आई तुमची आठवण काढते" वगैरे लिहिलं तर आई म्हणाली असं नको, मी बोलते तसं लिही. मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं, "पाय गेला तरी जीभ शाबूत आहे, तू आलीस की तांबडा रस्सा तुझ्याच हातचा." मावशींचं उत्तर आलं त्यात "मी येतो की बुधवारी" असं होतं. कोल्हापूरकडच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात आणि त्या लिहितातही तसंच, म्हणून ते वाचताना मावशी समोर बसून बोलतायत असं वाटतं. असं कुणी लिहिलं तर ते कधीही दुरुस्त करू नका.

इंग्रजी किती, बोली किती

लोकांचा समज असतो की गावाकडे पत्र म्हणजे शुद्ध मराठी आणि शहरात इंग्रजी मिसळलेलं. तसं नाहीये. ॲडमिट, डिस्चार्ज, सलाईन, एक्स-रे, बीपी हे शब्द गावातल्या आजीलाही नीट कळतात, उलट 'रुग्णालयात दाखल' लिहिलं की पेपरातली बातमी वाटते आणि माणूस घाबरतो. अडतात ते आखूड केलेले शब्द आणि ऑफिसची भाषा. टीकेआर, ओपीडी, 'फॉलोअप घेतो', 'अपडेट देते'. कसोटी सोपी आहे, हा शब्द त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कधी वापरलेला मी ऐकलाय का? ऐकला असेल तर लिहा, नाहीतर मोडून सांगा.

बोलीचं म्हणाल तर आपली स्वतःची बोली आपल्या माणसाशी खुशाल लिहा. नागपूरच्या मित्रांमध्ये "काय करून राहिला बे" चालतं, मालवणी माणसाला "कसो आसस" वाचून घर आठवतं. पण आपली नसलेली बोली दुसऱ्याला लिहू नका, कौतुकाने लिहिली तरी नक्कल वाटते. आणि 'बे' मित्रालाच, मित्राच्या काकांना नाही.

दुःखाचं पत्र

हे सगळ्यात अवघड आणि इथेच लोक सगळ्यात जास्त तयार वाक्यं वापरतात. मृतात्म्यास शांती लाभो, दुःख सहन करण्याची शक्ती मिळो, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. यात वाईट काही नाही, पण घरात अशी पन्नास वाक्यं आलेली असतात आणि ती सगळी एकमेकांत विरून जातात.

रीत म्हणून दोन गोष्टी माहीत असाव्यात. अशा पत्रावर वर श्री लिहीत नाहीत, हळदकुंकू लावत नाहीत, आणि जुनी माणसं ते वाचून फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. ज्यांच्याकडे हे पाळतात त्यांना लिहिताना आपणही पाळावं. एरवीचा मायनाही इथे आखडता घ्यावा, 'स. न. वि. वि.' आणि 'लोभ असावा' अशा पत्रात कानाला बरे लागत नाहीत. नुसतं "काकू," लिहून सरळ सुरुवात करा.

मग काय लिहायचं? गेलेल्या माणसाची एक आठवण, जी फक्त तुमच्याकडे आहे. शेजारचे काका गेले तेव्हा मी काकूंना लिहिलं होतं, "काकू, मी आठवीत असताना माझी सायकल पंक्चर झाली की काका दुकानात जाऊ द्यायचे नाहीत. बादलीत पाणी घेऊन ट्यूब बुडवायचे आणि बुडबुडे कुठून येतात ते मला शोधायला लावायचे. मला अजून पंक्चर काढता येतं ते त्यांच्यामुळे." बास. पुढे एक कामाचं वाक्य, "मी रविवारी सकाळी येते आणि बँकेचे कागद असतील तर ते बघते." काही लागलं तर सांगा असं लिहू नका, ज्याच्या घरी माणूस गेलाय तो कधीच सांगत नाही, तुम्हीच काय करणार ते लिहा. कसं झालं, कधी कळलं, कुणाकुणाला कळवलं असे प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, 'वेळ हेच औषध' असलं काही सांगायचं नाही. गेलेल्याचं नाव घ्यायला लोक घाबरतात, पण घरच्यांना ते नाव ऐकायचं असतं, घ्या. काकूंनी वर्षश्राद्धाच्या दिवशी मला विचारलं, "ती बादली अजून आहे, नेतेस का?" ती आता माझ्याकडे आहे.

शेवट, वाचन आणि पत्ता

शेवटही नात्याप्रमाणे. मोठ्यांना 'आशीर्वाद असावा', बरोबरीच्यांना 'लोभ आहेच, तो वाढावा', लहानांना 'तुझी आत्या'. सही घरच्या नावाने. मामांच्या पत्राखाली मी माझं कागदोपत्री नाव कधीच लिहीत नाही, ते मला बेबी म्हणतात म्हणून तेच. ताजा कलम आवर्जून ठेवा, लोक पत्राचा मधला भाग विसरतात पण ता. क. लक्षात ठेवतात, म्हणून सगळ्यात मायेचं किंवा सगळ्यात महत्त्वाचं तिथे. मामांच्या पत्राला ता. क. होता, "फोन मी स्वतः करेन, दुसऱ्या कुणाकडून काही ऐकलंत तर विश्वास ठेवू नका."

मग पत्र मोठ्याने वाचा, त्या घरातल्या माणसाच्या आवाजात. मी मामांचं पत्र मामींसारखं अडखळत वाचून पाहिलं, जिथे जीभ अडकली ते वाक्य दोनात तोडलं. पत्र लगेच पाकिटात घालू नका, रागाचं असेल तर रात्रभर ठेवाच आणि सकाळी परत वाचा.

पत्त्यात मु. पो., तालुका, जिल्हा आणि सहा आकडी पिनकोड. तालुका गाळू नका, वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांचा गोंधळ मिटावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला आणि तो बसवणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. पहिला आकडा चार असला की पत्र आपल्या बाजूला, गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात.

मामांचं पत्र मी ऑपरेशनच्या बारा दिवस आधी पेटीत टाकलं. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, आईशी दहा मिनिटं बोलले, आणि मग मला म्हणाले, "मेथी निवडून झाली का तिची?"